घडीच्या चाकूच्या पिव्होटला कोणतं तेल लावायचं? पालघर-बोईसरच्या खाऱ्या, दमट हवेसाठी सविस्तर मार्गदर्शन



मागच्या पावसाळ्यात माझ्या घडीच्या चाकूने मला चांगलाच धडा शिकवला. चाकू उघडताना जड जात होता, म्हणून घरात होता तो स्प्रे बिजागरीत भरपूर मारला. दोन दिवस चाकू मस्त उघडला. नंतर खिशातली धूळ, कपड्यांचा लोकरा आणि तेल यांचा काळा चिकटा लॉकच्या पट्टीमागे जमला. आठवड्याभराने पुठ्ठ्याचा खोका कापताना पातं उलटं मिटलं आणि तर्जनीला तीन टाके पडले. लॉक बसल्यासारखं वाटत होतं, पण ते अर्धवटच बसलेलं होतं.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, राहतो बोईसरला. टाके निघेपर्यंत एका हाताने टायपिंग करत असताना या विषयावर बरंच वाचलं आणि नंतर घरी करून पाहिलं. तेलाचा प्रश्न वाटतो तितका छोटा नाही. तेल कुठलं, किती आणि कुठे लावायचं नाही, या तिन्ही गोष्टी कळल्या पाहिजेत. परदेशी व्हिडिओंमधले सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत, कारण आपली हवा वेगळी आहे.

घाईत असाल तर एवढंच वाचा

- फळं, मासे, भाजी कापायचा चाकू: मेडिकलमधलं साधं लिक्विड पॅराफिन किंवा फूड-ग्रेड मिनरल ऑइल.
- दोरी, गोणी, पॅकिंग पट्टी कापायचा चाकू: शिलाई मशीनचं तेल.
- समुद्रावर, बोटीवर किंवा सतत पावसात वापरायचा चाकू: वॉशरवर पीटीएफई असलेल्या ग्रीसचा पातळ थर.
- प्रमाण: पिव्होटच्या प्रत्येक बाजूला एक थेंब. त्याहून जास्त नको.
- लॉकच्या टेकणाऱ्या तोंडावर काहीही लावायचं नाही.

आता यामागची कारणं पाहूया.

पिव्होटमध्ये नेमकं काय असतं?

घडीच्या चाकूचं पातं ज्या खिळीवर फिरतं तो पिव्होट. साध्या चाकूत ही खीळ ठोकून पक्की केलेली असते. महागड्या चाकूत तिथे स्क्रू असतो आणि तो बहुतेक वेळा टॉर्क्स पान्याने उघडतो. पातं आणि मुठीची बाजू एकमेकांवर थेट घासू नयेत म्हणून मध्ये काहीतरी ठेवलेलं असतं. त्याचे साधारण चार प्रकार आहेत:

१. काहीच नाही, धातूवर धातू. स्वस्त चाकू आणि जुन्या पद्धतीचे स्प्रिंगवाले चाकू असे असतात.
२. फॉस्फर ब्राँझचे वॉशर. पातळ, तांबूस रंगाच्या चकत्या.
३. नायलॉन किंवा टेफ्लॉनचे वॉशर. पांढऱ्या किंवा अर्धपारदर्शक चकत्या.
४. छर्ऱ्यांचं बेअरिंग. छोट्या पिंजऱ्यात बसवलेले स्टीलचे किंवा सिरॅमिकचे छर्रे.

तेल निवडण्याआधी आपल्या चाकूत यातलं काय आहे ते बघा. मुठीच्या फटीत टॉर्च मारला की बहुतेक वेळा कळतं. तांबूस कड दिसली तर ब्राँझ, पांढरी दिसली तर प्लास्टिक. पातं अगदी भुर्रकन फिरत असेल तर बहुधा बेअरिंग.

तेल इथे करतं काय?

मोटारीच्या इंजिनात शाफ्ट इतक्या वेगाने फिरतो की तेलाचा थर त्याला अक्षरशः उचलून धरतो आणि धातू धातूला टेकत नाही. चाकूत तसं होत नाही. पातं दिवसातून दहा-वीस वेळा अर्धा फेरा फिरतं आणि थांबतं. एवढ्या कमी वेगात तेलाचा उचलून धरणारा थर तयारच होत नाही. धातूचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना टेकतातच. त्यांच्यावर चिकटून राहिलेली अतिपातळ तेलाची पुटं घर्षण कमी करतात. याला बाउंडरी लुब्रिकेशन म्हणतात.

म्हणजे जाड तेल घातलं म्हणून पिव्होटचं जास्त संरक्षण होतं, असं नाही. पिव्होटला हवा असतो तो जागेवर टिकणारा, सुकून गोंद न होणारा आणि पाण्याला बाहेर ठेवणारा थोडासा थर. आपल्या भागात तर घर्षणापेक्षा गंज थोपवणं हेच तेलाचं मोठं काम आहे.

आपल्या हवेचा प्रश्न

सातपाटीपासून चिंचणी, तारापूर, डहाणूपर्यंत किनाऱ्यालगतच्या हवेत मिठाचे बारीक कण असतात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून पाऊस नसतानाही धातूवर खाऱ्या पाण्याचं अदृश्य पुट तयार होतं. त्यातले क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही सोडत नाहीत. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचं जे संरक्षक कवच असतं, त्यालाच क्लोराइड बारीक भोकं पाडतात.

पिव्होटची जागा तर आणखी वाईट. वॉशर आणि पातं यांच्यामधली फट इतकी बारीक असते की पाणी केशाकर्षणाने आत ओढलं जातं आणि मग बाहेर येत नाही. आत प्राणवायू कमी पडतो, त्यामुळे ते कवच दुरुस्त होत नाही आणि गंज तिथेच वाढतो. पातं वरून चकचकीत आणि पिव्होट आतून तपकिरी, असं यामुळे होतं. एमआयडीसीत आम्लांची किंवा क्लोरीनयुक्त रसायनांची हाताळणी होते तिथे काम करत असाल, तर हाच वेग आणखी वाढतो.

पात्याचं स्टील कुठलं यावरही बरंच अवलंबून आहे. साधं कार्बन स्टील इथे एका रात्रीत डाग धरतं. लोकप्रिय डी२ स्टीलमध्ये साधारण १२ टक्के क्रोमियम असलं, तरी त्यातलं बरंचसं कार्बाइडमध्ये अडकलेलं असतं. म्हणून ते खरं स्टेनलेस नाही, हे विकत घेताना कुणी सांगत नाही.

तापमानाच्या बाबतीत मात्र आपण नशीबवान. थंड देशांतले लोक हिवाळ्यात तेल घट्ट होतं म्हणून काळजी करतात. तेलाचा दाटपणा सांगणारा आयएसओ व्हीजी आकडा ४० अंश सेल्सिअसला मोजलेला असतो आणि आपल्या खिशातलं तापमान त्याच्या बरंच जवळ असतं. म्हणजे डब्यावरचा आकडा आपल्याकडे जवळपास तसाच लागू होतो. आकडा जितका लहान तितकं तेल पातळ. चाकूला १० ते ३२ च्या दरम्यानचं तेल पुरतं.

पर्याय एकेक करून

*शिलाई मशीनचं तेल.* बोईसर किंवा पालघरच्या बाजारात कुठल्याही शिलाई साहित्याच्या दुकानात मिळतं. हे पातळ, शुद्ध केलेलं मिनरल ऑइल असतं, फटीत आपोआप शिरतं आणि सुकून चिकट होत नाही. ब्राँझ वॉशर आणि बेअरिंग दोन्हींना चालतं. तोटा एवढाच की पातळ असल्यामुळे पावसात लवकर धुऊन जातं, आणि खाण्याच्या वस्तूसाठी ते प्रमाणित नसतं.

*लिक्विड पॅराफिन.* मेडिकलमध्ये मिळणारं रंगहीन, वासहीन मिनरल ऑइल. ते औषधी दर्जाचं असल्यामुळे फळं कापायच्या चाकूला सगळ्यात निर्धास्त. ‘लाइट’ लिहिलेलं मिळालं तर पिव्होटसाठी जास्त चांगलं. एक काळजी घ्या: बद्धकोष्ठतेवरच्या काही बाटल्यांमध्ये पॅराफिनसोबत पाणी आणि मॅग्नेशियाचं पांढरं दुधाळ मिश्रण असतं. ते चुकूनही चाकूत घालू नका. तेल पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. बेबी ऑइल म्हणजेही बहुतांशी हेच, फक्त वर सुगंध घातलेला.

*फूड-ग्रेड तेल.* डब्यावर ‘एनएसएफ एच१’ लिहिलं असेल तर ते वंगण चुकून अन्नाला लागलं तरी चालेल अशा दर्जाचं आहे. व्हिक्टोरिनॉक्स आपल्या चाकूंसाठी छोट्या बाटलीत असंच अन्नाला चालणारं तेल विकते. चांगलं आहे, पण लिक्विड पॅराफिन त्याचं काम बऱ्याच कमी पैशात करतं.

*डब्ल्यूडी-४०.* याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. १९५३ मध्ये सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने हे पाणी हटवण्यासाठी बनवलं. नावातले डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून ते वापरलं गेलं. त्यात सॉल्व्हंटचा भाग मोठा असतो. तो उडून गेल्यावर हलकं तेल थोडंसंच उरतं. म्हणून भिजलेल्या चाकूतून पाणी काढायला आणि जुना चिकटा सोडवायला हे उत्तम. त्यानंतर पुसून खरं तेल लावायचं. मी नेमकं हेच केलं नव्हतं.

*ग्रीस.* ब्राँझ वॉशरवर पीटीएफई किंवा लिथियम ग्रीसचा अगदी पातळ थर दिला तर ते पाण्याला बाहेर ठेवतं आणि पावसाळाभर टिकतं. पण चाकू उघडून, वॉशरवर बोटाने पुसून घेतल्यासारखं लावावं लागतं. बेअरिंगमध्ये जाड ग्रीस नको, छर्रे जड फिरतात.

*ग्रॅफाइट पावडर.* कुलपात घालतात म्हणून चाकूतही घालणारे आहेत. कोरड्या, धुळीच्या भागात ठीक. किनाऱ्यावर नको. ग्रॅफाइट वीजवाहक आहे आणि खाऱ्या ओलाव्यात स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियमला चिकटून बसलं की बॅटरीसारखी जोडी तयार होते आणि धातू झिजायला लागतो.

*कोरडं पीटीएफई.* सॉल्व्हंटमध्ये मिसळलेलं असतं. सॉल्व्हंट उडालं की पांढरट कोरडा थर उरतो. धूळ पकडत नाही, म्हणून गोदामात किंवा सिमेंटच्या कामावर चांगलं. गंजापासून संरक्षण मात्र तेलाइतकं देत नाही.

*खोबरेल आणि खायची तेलं.* घरात हाताशी असतात म्हणून पहिला हात तिकडेच जातो. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल ही तेलं हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू चिकट गोंदासारखी होतात. जुन्या तेलाच्या बरणीच्या तोंडाशी जो पिवळा चिकट थर असतो, तोच पिव्होटमध्ये तयार होतो. खोबरेल त्या मानाने हळू खराब होतं, पण २४ अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आपल्याकडे पारा त्याखाली उतरतो आणि सकाळी चाकू अडकतो. एखाद्या दिवसाची नड म्हणून चालेल, सवय नको.

*जळालेलं इंजिन ऑइल.* गॅरेजमध्ये फुकट मिळतं, कोयत्याला, विळ्याला लावलेलं दिसतं. त्यात धातूचा बारीक चुरा, आम्ल आणि आरोग्याला घातक ज्वलनाचे अवशेष असतात. पिव्होटलाही वाईट आणि हातालाही. खाण्याच्या चाकूला तर अजिबात नाही.

कामानुसार निवड

*चिकूच्या वाडीत.* डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण चाकूच्या दृष्टीने चिकू म्हणजे चीक. चिकूच्या झाडाचा चीक म्हणजे एकेकाळी च्युइंगगम ज्यापासून बनायचं तो चिकल. तो पाण्याने निघत नाही आणि पिव्होटमध्ये गेला तर अक्षरशः च्युइंगगमच. फणसाच्या चिकासारखंच करा: आधी तेलाच्या बोळ्याने मऊ करून पुसा, मग साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, वाळवा आणि लिक्विड पॅराफिनचा एक थेंब द्या.

*बंदरावर.* मासे कापायला घडीचा चाकू मुळात सोयीचा नाही. रक्त, खवले आणि खारं पाणी फटीत जातं आणि कुजतं. त्यासाठी सरळ सुरीच बरी. पण दोरी किंवा जाळं कापायला खिशात घडीचा चाकू ठेवत असाल, तर पिव्होटला ग्रीस आणि रोज संध्याकाळी गोड्या पाण्याची धुलाई, एवढं केलंत तर तो ऐनवेळी उघडेल. पाय दोरीत अडकलेला असताना चाकू उघडला नाही, तर तो चाकू खिशात असून काय उपयोग?

*कारखान्यात.* गोणी, पॅकिंग पट्टी, पुठ्ठे यांना शिलाई मशीनचं तेल पुरेसं आहे. पण बोईसर-तारापूरच्या मंडळींनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये ऑक्सिजनचं सिलिंडर असतं. उच्च दाबाच्या ऑक्सिजनशी तेल-ग्रीसचा संपर्क आला तर आग किंवा स्फोट होऊ शकतो. चाकूला तेल लावलेल्या हाताने व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटरला हात लावायचा नाही आणि ‘जाम झालाय’ म्हणून तिथे तेच तेल टाकायचं नाही. दुसरी, पेंटिंग किंवा पावडर कोटिंगच्या विभागात सिलिकॉन स्प्रे नेऊ नका. सिलिकॉनचा अंश पत्र्यावर गेला तर रंग तिथे बसत नाही, माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. ज्या विभागात ज्वलनशील सॉल्व्हंट आहे, तिथे स्वतःचा चाकू न्यायचा का, हे आधी सेफ्टीवाल्यांना विचारा.

तेल लावायची पद्धत

१. चाकू उघडा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून पिव्होटजवळ जुन्या टूथब्रशने घासा. पाण्यातच चार-पाच वेळा उघड-मिट करा. बोटं पात्याच्या वाटेत ठेवू नका.
२. स्वच्छ गोड्या पाण्याने धुवा. लाकडी मुठीचा चाकू बुडवू नका. लाकूड फुगतं आणि पातं अडकतं.
३. झटकून, फडक्याने पुसून, अर्धा उघडा ठेवून पंख्याखाली वाळवा. गॅसवर धरून वाळवू नका, स्टीलचं पाणी उतरतं. घाई असेल तर इथे डब्ल्यूडी-४० मारून पाणी हटवा आणि नीट पुसून घ्या.
४. एक मिलीच्या सिरिंजने किंवा टाचणीच्या टोकाने प्रत्येक बाजूला एक थेंब पातं आणि मुठीच्या फटीत सोडा. एका मिलीत साधारण २० थेंब होतात, म्हणजे १० मिलीची बाटली वर्षानुवर्षं पुरते.
५. वीसेक वेळा सावकाश उघड-मिट करा. काळपट तेल बाहेर आलं तर पुसा आणि ते स्वच्छ येईपर्यंत पुन्हा करा.
६. बाहेर दिसणारं सगळं तेल पुसा. पात्यावर हाताने जाणवणार नाही इतकंच पुट राहू द्या.
७. लायनर लॉक किंवा फ्रेम लॉक असेल तर पट्टीचं टोक आणि पात्याचा टेकणारा भाग इअरबडने कोरडा करा. हे लॉक घर्षणावर टिकून असतं. तिथे तेल राहिलं तर ते घसरू शकतं.
८. शेवटी तपासणी. पातं उघडून लॉक पूर्ण बसलंय का ते डोळ्यांनी बघा. मग बोटं बाजूला ठेवून पात्याच्या पाठीवर हलका दाब द्या. जराही सरकलं तर तो चाकू वापरू नका.

सफाईसाठी अ‍ॅसिटोन वापरणार असाल तर सांभाळून. स्विस चाकूंच्या लाल सेलिडॉर मुठीला ते विरघळवतं.

किती दिवसांनी?

ऑक्टोबर ते मे, दोन-तीन महिन्यांतून एकदा. जून ते सप्टेंबर, दर पंधरा दिवसांनी. समुद्राचं पाणी लागलं तर त्याच दिवशी. चाकू पेटीत ठेवणार असाल तर चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओलावा धरतं. सुक्या फडक्यात गुंडाळून सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा.

नेहमीचे प्रश्न

*तेल लावूनही चाकू जड उघडतो, काय करू?*
बहुधा पिव्होटचा स्क्रू जास्त आवळलेला आहे. अगदी थोडासा, घड्याळाच्या काट्यावर पाच मिनिटं सरकतील इतकाच ढिला करून बघा. पातं उजवी-डावीकडे हलायला लागलं तर परत आवळा.

*नायलॉन किंवा टेफ्लॉनच्या वॉशरला तेल लागतं का?*
घसरण्यासाठी फारसं नाही, पण खिळीला गंज लागू नये म्हणून एक थेंब द्या. मिनरल ऑइलने या वॉशरना काही होत नाही.

*स्क्रू सारखा ढिला होतो. तेलामुळे का?*
तेल आट्यांवर गेलं तर होऊ शकतं. आटे स्वच्छ पुसून निळं थ्रेडलॉकर टोकापुरतं लावा. लाल लावू नका, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. आणि थ्रेडलॉकर वॉशरपर्यंत जाऊ देऊ नका, नाहीतर चाकूच चिकटेल.

*सगळ्यासाठी एकच बाटली घ्यायची तर?*
लिक्विड पॅराफिन. गंजाविरुद्ध ते ग्रीसइतकं टिकाऊ नाही, पण वेळेवर लावलंत तर चिकू, दोरी, खोका सगळ्याला चालतं आणि पोटात गेलं तरी घाबरायचं कारण नाही.

माझा तोच चाकू अजून खिशात आहे. स्प्रेचा डबा आता फक्त भिजलेल्या सायकलच्या साखळीतलं पाणी काढायला वापरतो, आणि दर पंधरवड्याला रविवारी चाकूला दोन थेंब. तुम्ही आज एवढंच करा: चाकू उघडा, लॉकच्या पट्टीमागे टॉर्च मारा. काळा चिकटा दिसला, तर आधी सफाई करा. तेलाचा नंबर नंतर.